सायकलस्वार मुले आणि त्यांचे शिरस्त्राण

सायकल शिकणे म्हणजे पडणे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले आहे. आणि ते खोटेही नाही. गुडघे न फुटता, कोपर न सोलवटता आपल्याला सायकल आली असे सांगणारा मनुष्य विरळाच. म्हणूनच मूल सायकलवरून पडून रडत घरी आले की वडील मंडळी हळद लावतात आणि ‘पडल्याशिवाय का कुणाला येते?’ असे म्हणून त्याला पुन्हा रस्त्यावर धाडतात. या शहाणपणाला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र त्याला एक मर्यादा आहे, तेवढी सांगितली पाहिजे. गुडघ्याचे कातडे आठवड्यात नवे येते, हाताचे मोडलेले हाड काही आठवड्यांत सांधते. पण मेंदूची जी पेशी गेली ती बहुशः गेलीच. शरीरातील बाकी सर्व अवयवांनी पडून शिकावे. डोक्याने तेवढे शिकू नये.

डोके वाचवण्याचे साधन बाजारात आहे. त्याला शुद्ध मराठीत शिरस्त्राण म्हणतात आणि सर्व मराठी माणसे त्याला हेल्मेट म्हणतात. आम्हीही तेच म्हणू. आजचा आमचा विषय मात्र हेल्मेट घ्यावे की नाही एवढाच नाही. ते घेतल्यावर मुलांना ते नीट कसे घालायला शिकवावे, हा खरा विषय आहे. कारण घेतलेले हेल्मेट सायकलीच्या हँडलला अडकवून शाळेत जाणारी मुले आपण रोज पाहतो, आणि ज्यांच्या डोक्यावर ते असते त्यांच्यापैकी पुष्कळांच्या डोक्यावर ते शोभेपुरतेच असते.

प्रथम हे साधन काम कसे करते ते पाहू. ते एकदा समजले की पुढले सारे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप सुचतात.

सायकलवर बसलेल्या मुलाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर असते. सायकल जागच्या जागी कलंडली, तरी तेवढ्या उंचीवरून डोके खाली येते आणि जमिनीशी पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी सुमारे १९ किलोमीटर झालेला असतो. ‘आमचा बंड्या अगदी हळू चालवतो हो,’ असे सांगणाऱ्या आईबापांनी एवढे ध्यानात घ्यावे, की हा वेग सायकलीचा नव्हे, पडण्याचा आहे. बंड्या कितीही हळू चालवो, पृथ्वी त्याला हळू ओढत नाही.

आता हा वेग किती अंतरात थांबतो यावर सारे अवलंबून असते. हिशेब सोपा आहे. जितक्या उंचीवरून पडले त्याला जितक्या अंतरात थांबले त्याने भागावे. जो आकडा येईल तितक्या पट गुरुत्वाकर्षणाचा दणका बसला असे स्थूलमानाने समजावे. उघडे डोके डांबरी रस्त्यावर आदळले तर ते जेमतेम दोनतीन मिलिमीटरांत थांबते. दीड मीटरला तीन मिलिमीटरांनी भागले की उत्तर येते ५००. तेच डोके थांबायला दोन सेंटिमीटर मिळाले, तर उत्तर ७५ येते. हे दोन सेंटिमीटर मिळवून देणे, एवढेच हेल्मेटचे काम. त्याचे वरचे कवच पातळ प्लॅस्टिकचे असते. खरे काम करतो तो आतला पांढरा अगर काळा थर, ज्याला रसायनशास्त्रात फुगवलेले पॉलिस्टायरीन म्हणतात आणि आपण गणपतीच्या मखरामुळे थर्मोकोल या नावाने ओळखतो. तो चेपतो आणि चेपताना दणका खातो. रबरासारखा उसळून परत येत नाही, हाच त्याचा गुण. युरोपातील ईएन १०७८ या मानकानुसार हेल्मेट सुमारे दीड मीटरवरून लोखंडी ऐरणीवर टाकून पाहतात आणि आतल्या नकली डोक्याला २५० पटींहून अधिक दणका बसता कामा नये असे बंधन घालतात. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या मानकात उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट आहे.

या हिशेबातून दोन गोष्टी उघड होतात. एक, हेल्मेट म्हणजे कर्णाची कवचकुंडले नव्हेत. भरधाव मालमोटारीशी गाठ पडल्यावर दोन सेंटिमीटर थर्मोकोलने काय करावे? ज्याने कोणी मुलाला ‘हेल्मेट आहे ना, मग काही होत नाही’ असे शिकवले, त्याने वाईट शिकवले. दुसरी गोष्ट अशी, की हे दोन सेंटिमीटर डोके आणि रस्ता यांच्या बरोबर मध्ये आले तरच उपयोग. मानेवर लोंबणारे, कपाळ उघडे टाकून मागे सरकलेले, पडताना निसटून चार हात दूर जाणारे हेल्मेट म्हणजे मांडणीवर ठेवलेले औषध.

डोक्याच्या दुखापतींचा शास्त्रीय विचार प्रथम झाला तो मोटारसायकलीच्या निमित्ताने. ‘अरबस्तानचा लॉरेन्स’ म्हणून ज्याची ख्याती झाली तो टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे लष्करातील निरोप्या मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटच्या उपयोगावर निबंध प्रसिद्ध केला. सायकलस्वार त्यानंतरही बराच काळ उपेक्षित राहिला. शर्यतीतले गडी फार तर चामड्याच्या पट्ट्यांची एक जाळी डोक्याला बांधीत. खास सायकलीसाठी टणक कवचाचे, आत फेस भरलेले हेल्मेट अमेरिकेतील बेल कंपनीने १९७५ साली काढले. आणि शर्यतवाल्यांचे म्हणाल, तर २००३ च्या मार्चमध्ये फ्रान्समधील एका शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह हा कझाक सायकलपटू डोके आपटून मेला, तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने व्यावसायिक स्पर्धकांना हेल्मेट सक्तीचे केले. ज्या मुलांना हेल्मेट घालणे भित्रेपणाचे वाटते त्यांना हे अवश्य सांगावे; जगातील सर्वांत धाडसी सायकलस्वारही आज उघड्या डोक्याने शर्यतीत उतरत नाहीत.

पण सांगून मुले ऐकतात का? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहराने दिले आहे, म्हणून ती हकीकत थोडी विस्ताराने सांगतो. १९८६ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी एक मोहीम हाती घेतली. कायदा नाही, दंड नाही. डॉक्टर आपल्याकडे आलेल्या मुलांशी बोलत, शाळांतून माहिती दिली जाई, वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी मदतीला होती; आणि मुख्य म्हणजे हेल्मेट महाग म्हणून कोणी मागे राहू नये यासाठी सवलतीची कुपने वाटली गेली. १९८७ साली तेथे शंभरांपैकी पाचसहा मुलांच्या डोक्यावर हेल्मेट दिसे. १९९२ साली ते प्रमाण चाळीसवर गेले. त्याच काळात पाच ते चौदा वर्षांच्या मुलांमधील सायकलीवरून पडून होणाऱ्या डोक्याच्या दुखापती सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाल्या. ही सगळी किमया एकट्या हेल्मेटची असे आम्ही म्हणणार नाही, परंतु पाच वर्षांत शहराची सवय बदलते, आणि ती शिकवण्याने बदलते, एवढे यातून निश्चित होते.

याच सिअ‍ॅटलच्या डॉक्टरांनी १९९९ साली दुसरी एक गोष्ट दाखवून दिली आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची. हेल्मेट घातलेले असूनही ज्या मुलांच्या डोक्याला इजा झाली, त्यांच्या हेल्मेटांची आणि डोक्यांची मापे त्यांनी ताडून पाहिली. ज्यांचे हेल्मेट डोक्याला नीट बसत नव्हते त्यांना डोक्याची इजा होण्याचा धोका, नीट बसणारे हेल्मेट घालणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला. २००३ साली अमेरिकेतच दुसऱ्या एका पाहणीत डॉक्टरांनी तपासणीला आलेल्या मुलांना स्वतःची हेल्मेटे घालून दाखवायला सांगितले. शंभरांत शहाण्णव जण नापास झाले! कुणाचे सैल, कुणाचे वाकडे, कुणाचे तडकलेले. जेथे हेल्मेट घरोघरी आहे तेथली ही गत. मग जेथे ते नुकते येऊ लागले आहे तेथे काय असेल?

आपल्याकडे या सैलपणाला आणखी एक कारण आहे आणि ते मोठे प्रेमळ आहे. गणवेश घ्यायचा तो वाढत्या अंगाचा, चपला घ्यायच्या त्या पुढल्या वर्षी पुरतील अशा, हा मध्यमवर्गीय घराचा बाणा. काटकसर म्हणून तो वंदनीय आहे. परंतु डोके खांद्यांसारखे वाढत नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर सुमारे ५० ते ५१ सेंटिमीटर असतो आणि मोठ्या माणसाचा साधारण ५५ ते ५७. म्हणजे मूल दीडपट उंच होईपर्यंत डोके पाचसहा सेंटिमीटर वाढते, आणि हेल्मेटच्या मागे जे फिरवायचे चाक असते ते यातला बराच फरक पोटात घेते. वाढत्या अंगाचे हेल्मेट घेण्यात पैसा वाचत नाही, आणि डोके वाचण्याची शक्यता घटते. काही घरांतून वडिलांचे मोटारसायकलचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर चढवले जाते, तेही योग्य नव्हे. ते एक किलोहून जड. पायडल मारताना त्यात हवा खेळत नाही, ऐकू कमी येते आणि मुलाची मान दुखते. सायकलीचे हेल्मेट अडीचशेतीनशे ग्रॅमचे असते ते याचसाठी.

आता नीट घालणे म्हणजे काय ते सांगतो. हे वाचताना हेल्मेट आणि मूल दोन्ही समोर असतील तर उत्तम.

शिंप्याची फीत घ्यावी. भुवयांच्या वर बोटभर अंतर सोडून, मागे डोके जेथे सर्वांत फुगीर असते तेथून फिरवून घेर मोजावा. दुकानात हा आकडा सांगून हेल्मेट मागावे. मुलाचे वय सांगू नये. दहा वर्षांच्या दोन मुलांच्या डोक्यांत चार सेंटिमीटरांचा फरक असू शकतो. आतल्या पट्टीवर घेराचे आकडे छापलेले असतात, आणि वर सांगितलेल्या मानकांपैकी एखाद्याची खूणही असते. ती नसेल तर ते खेळणे समजावे. दुचाकीच्या हेल्मेटवर जी आयएसआय खूण आपण शोधतो, ती ४१५१ क्रमांकाची खूण मोटारसायकलच्या हेल्मेटची आहे, हेही लक्षात असू द्यावे.

हेल्मेट डोक्यावर आडवे, पाण्याच्या पातळीसारखे समतल बसले पाहिजे. बहुतेक मुले ते जुन्या काळच्या हौशी तरुणांच्या टोपीसारखे मागे सरकवून घालतात. त्यात ऐट असेल. पण सायकलवरून तोंडघशी पडणाऱ्याचे प्रथम आपटते ते कपाळ, आणि नेमके तेच उघडे राहते. भुवई आणि हेल्मेटची कड यांत मुलाची स्वतःची दोन आडवी बोटे मावावीत, तिसरे मावू नये. मग मागचे चाक आवळावे. पट्टा न लावता मुलाला ओणवे होऊन ‘नाही, नाही’ अशी मान हलवायला सांगावी. हेल्मेट घसरले नाही आणि कपाळाचे कातडे त्याच्याबरोबर किंचित हलले, म्हणजे माप बसले.

पट्ट्यांकडे फार थोडे लोक लक्ष देतात. प्रत्येक बाजूला दोन पट्टे असतात, एक कानाच्या पुढून येतो आणि एक मागून. ते कानाच्या पाळीच्या लगेच खाली एकत्र आले पाहिजेत, म्हणजे कान दोन पट्ट्यांच्या बेचक्यात येतो. दुकानातून आणलेल्या हेल्मेटचा हा सांधा बहुधा हनुवटीजवळ लोंबत असतो. तो वर सरकवावा लागतो, आणि हे काम कंटाळवाणे असल्यामुळे होत नाही. ते केले नाही तर बाकीचे सारे व्यर्थ. पट्ट्याला पीळ पडलेला नसावा. मग बक्कल हनुवटीखाली, गळ्याच्या बाजूला लावावे. पट्टा आणि गळा यांमध्ये एक, फार तर दोन बोटे जावीत. बक्कल लावताना कातडे चिमटीत सापडले की लहान मूल हेल्मेटचा जन्माचा वैरी होतो, म्हणून पहिल्या काही वेळा आपले बोट मध्ये धरून ते लावावे. शेवटी मुलाला मोठा आ करायला सांगावा, जांभई देतो तसा. आ केल्याबरोबर हेल्मेट टाळूवर खाली ओढले गेल्यासारखे वाटले पाहिजे. वाटले नाही तर पट्टा सैल आहे.

एक परीक्षा उरली. तळहाताने हेल्मेटची पुढची कड वर आणि मागे ढकलावी. ते बोटभराहून जास्त मागे गेले तर कानापुढचा पट्टा आखडावा. मागून ढकलल्यावर डोळ्यांवर आले तर मागचा आखडावा.

हे सर्व करायला प्रथम पाव तास लागतो. नंतर रोज अर्धे मिनिट.

केसांचा प्रश्न आयाबहिणी विचारतील, आणि तो क्षुल्लक नाही. डोक्याच्या मागे वर बांधलेला बुचडा किंवा उंच शेपटी हेल्मेटला पुढे ढकलते. दोन वेण्या अगर मानेशी बांधलेली एक वेणी बरी. मोठी चाप, टोकदार पिना आत नकोत. पडताना त्याच डोक्यात रुततात. शाळेत जाताना चोपडलेल्या तेलाने हेल्मेट घसरते आणि आतल्या गाद्या कुबट होतात. त्या सुटत असतील तर साबणाच्या पाण्याने धुवाव्यात. आत जाड टोपी किंवा कानटोपी घालू नये. थंडीत पातळ रुमाल चालतो, पण मग माप पुन्हा जुळवून घ्यावे.

शिकवण्याच्या पद्धतीसंबंधी आमचे मत असे, की भीती घालून काही साधत नाही. अपघाताची भयानक चित्रे दाखवली की बारा वर्षांचा मुलगा दोन दिवस घाबरतो आणि तिसऱ्या दिवशी विसरतो. त्यापेक्षा त्याच्या हाताला काही करायला द्यावे. थर्मोकोलच्या तुकड्यात अंगठा दाबून पाहू द्यावा. खळगा पडतो तो भरून येत नाही, हे त्याला बोटाने कळते. संक्रांतीचे एक सुगड फरशीवर सोडावे, दुसरे थर्मोकोलमध्ये घट्ट बसवून सोडावे, तिसरे मोठ्या खोक्यात सैल ठेवून सोडावे. (अंड्याने हा प्रयोग अधिक रंगतो, घरात चालत असेल त्यांनी अंडे घ्यावे.) तिसऱ्या सुगडाचे काय होते ते पाहिलेल्या मुलाला सैल पट्ट्यावर व्याख्यान द्यावे लागत नाही.

शाळांतून हे काम जोडीजोडीने व्हावे. मुलाने स्वतःचे हेल्मेट स्वतः पाहिले तर त्याला ते नेहमीच सरळ वाटते. शेजाऱ्याने पाहिले की दोन बोटे, कान, आ आणि ढकलणे या चारही परीक्षा हसतखेळत होतात. नववीच्या मुलांना पाचवीच्या मुलांचे पट्टे बसवायला सांगावे. स्वतः हेल्मेटला ‘टोपले’ म्हणणारा नववीतला वीर दुसऱ्याच्या बाबतीत मोठा काटेकोर असतो, आणि चार जणांना शिकवल्यावर आपले हँडलला अडकवणे त्यालाच अवघड जाते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. त्या मुली गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यांवरून रोज जातात येतात. सायकलीबरोबर हेल्मेट आणि हा पाव तासाचा धडा त्यांच्यापर्यंत पोचवणे, हे एखाद्या शहरातील मंडळाला सहज उचलता येण्याजोगे काम आहे.

येथे आक्षेप घेणारे गृहस्थ उठून म्हणतील, की हॉलंडात तर सायकलस्वार उघड्या डोक्यानेच फिरतात! खरे आहे. परंतु तेथे सायकलींना वेगळे मार्ग आहेत आणि मोटारवाला सायकलस्वाराला मान देतो. आपले रस्ते तसे होईपर्यंत डोके झाकावे आणि रस्ते तसे व्हावेत म्हणून नगरपालिकेच्या मागे लागावे. एक केले म्हणून दुसरे टळत नाही. सक्तीबद्दल विचाराल, तर मुलांच्या सायकलीला सक्ती आम्हांला मान्य नाही. पुण्यात दुचाकीच्या सक्तीविरुद्ध २०१९ साली मोर्चा निघाला होता, त्या मोर्चाशी आमचे मत जुळत नाही. मोटार वाहन कायद्याचे १२९ वे कलम दुचाकीपुरते योग्यच आहे. सायकलीची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांताने १ जुलै १९९० पासून सायकलस्वारांना हेल्मेटची सक्ती केली. हेल्मेटे वाढली, पण पाहणीत असेही दिसले की सायकल चालवणारी तेरा-चौदा वर्षांवरची मुलेच कमी झाली. मुलाने सायकल सोडून मोटारीत बसावे हे आपल्याला नको आहे. आणि हेल्मेट नव्हते म्हणून उडवला गेलेला मुलगाच दोषी, असे म्हणायला धडक देणाऱ्याला निमित्त मिळावे, हेही नको.

गुणाच्या बाबतीतही अतिशयोक्ती नको. १९८९ साली सिअ‍ॅटलच्या पहिल्या अभ्यासात डोक्याच्या दुखापतीचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो असा निष्कर्ष निघाला होता आणि तोच आकडा अजून पुष्कळ ठिकाणी सांगितला जातो. २०१७ साली जगभरातील चाळीस अभ्यास एकत्र करून, चौसष्ट हजारांवर जखमी सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या गेल्या; त्यातून हा लाभ सुमारे निम्मा, आणि गंभीर दुखापतीच्या बाबतीत सुमारे ६९ टक्के निघाला. निम्मा लाभ काही थोडा नव्हे. दोनतीनशे ग्रॅमच्या वस्तूकडून याहून अधिक काय मागायचे?

काही किरकोळ पण उपयोगी गोष्टी सांगून थांबतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून कितीही साजरे दिसले तरी काढून टाकावे, कारण आतले थर्मोकोल चेपलेले असते आणि ते एकदाच चेपते. धाकट्याला थोरल्याचे हेल्मेट द्यायचे असेल तर ते कधी आपटले होते का, हे थोरल्याला न रागावता विचारावे. रागावलात तर खरे कळणार नाही. हेल्मेटवर मुलांना चित्रे काढायची हौस असते. तेलरंग, थिनर, पेट्रोल यांनी थर्मोकोल विरघळते, म्हणून त्यांना चिकटवायची चित्रे द्यावीत. आणि सायकलवरून उतरल्याबरोबर हेल्मेट काढायला शिकवावे. ते घालून झाडावर किंवा बागेतल्या झोपाळ्या-शिड्यांवर चढलेली लहान मुले पट्ट्याने गळफास बसून दगावल्याच्या घटना युरोपात घडल्या आहेत. त्यामुळेच तेथे अगदी लहानांसाठी, ओढ बसताच बक्कल आपोआप सुटेल अशा हेल्मेटांचे ईएन १०८० हे वेगळे मानक करावे लागले. मैदानावर पोचल्यावर मग ते खुशाल हँडलला अडकवू द्यावे.